नालोंगोला सांगायचा राहिलेला शेवट

मी एक जुना माइक आहे, आणि मला स्वतःचा आवाज नाही. मित्रांनो, ज्याला आवाज नाही त्याने आपली कहाणी सांगायला बसावे, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बोलणे इतक्या जवळून ऐकले आहे, की त्यातले थोडेफार माझ्या अंगात मुरले असावे. सध्या माझा मुक्काम लुकाया गावातल्या एका मोबाइल चार्ज करून देणाऱ्या दुकानात, पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. सोबतीला तुटके चार्जर, एका रेडिओची पाठ आणि कुणीतरी दुरुस्तीला टाकून न नेलेले घड्याळ आहे. माझ्या तोंडावरची जाळी उजवीकडे चेपलेली आहे आणि डावीकडे काळवंडलेली आहे. दुकानदाराला वाटते, दोन्ही खुणा एकाच आपटण्याच्या. तसे नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. पत्र्याची नळी, तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि कागदाहून पातळ असा एक पडदा एकत्र आला, आणि मी झालो. आवाज आला की तो पडदा थरथरतो. माझे सारे जगणे त्या थरथरीत आहे. कंपालातल्या एका प्रार्थनाघरात माझी पहिली वर्षे गेली. तिथले धर्मोपदेशक देवाला ऐकू कमी येते अशा समजुतीने बोलत. पुढे मी एका लग्नाच्या बँडबरोबर हिंडलो, आणि बँड मोडल्यावर जुन्या सामानाच्या बाजारात येऊन पडलो.

तिथे मला कायिवा भेटला. किडकिडीत, उंच, मान पुढे काढून चालणारा. टॅक्सीतळावर प्रवाशांना हाका मारण्याचे काम त्याने बरीच वर्षे केले होते.

"बोलून बघ की," दुकानदार म्हणाला. "नुसता उलटापालटा काय करतोस? बैल विकत घेतोयस का?"

कायिवाने मला तोंडाशी धरले, घसा खाकरला आणि सवयीने ओरडला, "मसाका, मसाका, मसाका! दोनच जागा, निघाली गाडी!"

बाजारातली दोन माणसे खरोखरच पिशव्या घेऊन पळत आली. दुकानदार पोट धरून हसला. मीही मनातल्या मनात हसलो, आणि त्याच क्षणी मी कायिवाचा झालो.

कायिवा लुकायातल्या सेकिटोच्या चित्रगृहात व्हीजे होता. परदेशी चित्रपट लावायचा, त्याचा मूळ आवाज बारीक करायचा, आणि पडद्यावर जे चालले आहे ते माइकवरून आपल्या लुगांडा भाषेत सांगायचे, हे व्हीजेचे काम. चित्रगृह म्हणायचे एवढेच. पत्र्याच्या आणि पाणगवताच्या चटयांच्या भिंती, लाकडी बाके, पुढे एक टीव्ही आणि मागे धूर ओकणारे जनरेटर. पण दुपारचा खेळ सुरू झाला की तिथे पाय ठेवायला जागा नसे. सकाळी कायिवा एकटा बसून चित्रपट पाहून घेई. इंग्रजी त्याला अर्धेमुर्धेच कळे, चिनी तर मुळीच नाही. जे कळले नाही ते तो स्वतः रचे. त्याच्या तोंडी कुठल्याही नायकाला आपले नाव टिकवता आले नाही. प्रत्येक नायक कासोझी. खलनायक नेहमी पलीकडच्या गावचा, आणि त्याची गाडी बिघडली की ती सेकिटोच्या जनरेटरसारखी खोकत असे.

"माझ्या जनरेटरचं नाव काढू नकोस!" सेकिटो मागून ओरडे.

"मी नाही काढलं, मालक. तोच खोकला," कायिवा माइकवरून म्हणे, आणि बाके हसण्याने हलत.

या चित्रगृहाच्या दाराशी इकडच्या बायकांचा पायघोळ पोशाख, गोमेसी, घातलेली एक बाई भाजलेले शेंगदाणे विकत बसे. तिला जुळी मुले झाली होती, म्हणून रिवाजाप्रमाणे सारे गाव तिला नालोंगो म्हणत असे, जुळ्यांची आई. तिचे खरे नाव बहुधा तिलाही आठवत नसावे. तरुणपणी एका तापात तिची दृष्टी गेली होती. दुपारचा खेळ सुरू झाला, की ती टोपली झाकून आत येई आणि कर्ण्याशेजारी, कायिवाच्या डाव्या हाताला ठेवलेल्या स्टुलावर बसे. सेकिटोने तिला कधी अडवले नाही. "तिला दिसत नाही, मग तिनं काय पाहिलं म्हणून तिकीट मागू?" असे तो म्हणे. मनाने तो वाईट नव्हता.

जुळ्यांपैकी थोरला वास्स्वा भाड्याची मोटारसायकल चालवी. धाकटा काटो लहानपणीच गेला होता. इकडे जुळ्यांतले एक गेले तर ते मेले असे कोणी म्हणत नाही, उडून गेले म्हणतात. वास्स्वा अशा घरात वाढला, जिथे मरण हा शब्द उंबऱ्याच्या आत आलाच नव्हता.

आता मी तुम्हाला माझ्या जाळीची डावी बाजू काळी का पडली ते सांगतो.

कायिवाबद्दल लोकांची एक तक्रार होती. तो फार बोलतो. पडद्यावर जे सरळ दिसते आहे तेही सांगतो. "कासोझीनं लाल सदरा घातलाय, कोपराला फाटलेला. मागं डोंगर आहे, वरती पांढरा. आभाळातून बर्फ पडतोय, अगदी कुणीतरी वर बसून मक्याचं पीठ चाळतंय असा. कासोझीच्या भुवयांवर पीठ, मिशांवर पीठ." शेवटच्या बाकावर आपल्या सोबत्यांबरोबर बसलेला वास्स्वा कंटाळून ओरडे, "व्हीजे, आम्हाला डोळे आहेत!"

सगळे हसत.

"आहेत का?" कायिवा विचारी. "मग बाहेर तुझ्या मोटारसायकलचं मागचं चाक बसलंय ते कसं नाही दिसलं?"

वास्स्वा धावत बाहेर जाई, चाक ठणठणीत असे, आणि हशा पुन्हा उसळे. कर्ण्याशेजारी बसलेली बाई आपली आई आहे हे वास्स्वा चित्रगृहात कुणाला जाणवू देत नसे. सोबत्यांसमोर त्याला संकोच वाटे.

पण रंग सांगायचा असला, कपडा सांगायचा असला, आभाळ किंवा कुणाचा चेहरा सांगायचा असला, की कायिवा मान किंचित डावीकडे वळवी. त्या वेळी त्याचा श्वास माझ्या जाळीच्या डाव्या बाजूवर पडे. दमट, उबदार, आले चघळल्याचा वास असलेला. वर्षानुवर्षे तो तिथेच पडत राहिला आणि ती बाजू काळवंडली. तो फार बोलत नव्हता, मित्रांनो. तो एका माणसाला दाखवत होता. ही गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नाही. फक्त माझ्या जाळीला ती ठाऊक होती, आणि बहुधा नालोंगोला.

आणखी एक गोष्ट तो करी. चित्रपटात कुणी दूर गेलेला असेल तर कायिवा त्याला घरी पोचवल्याशिवाय खेळ संपवत नसे. पडद्यावर नायक नदीत बुडाला, तरी कायिवा सांगे, "पुढच्या वळणावर कोळ्यांनी त्याला जाळ्यात ओढलं, पाठीत दोन धपाटे घातले, पाणी काढलं आणि घरी सोडलं." लोक शिट्ट्या मारत. उठताना नालोंगो स्टूल चाचपत म्हणे, "आजही सगळी घरी पोचली वाटतं."

"पोचली, नालोंगो. शेवटची बस मिळाली."

अशी चांगली वर्षे गेली. मग कायिवाचा आवाज बसू लागला.

इथे आमच्या चित्रगृहांतल्या एका समजुतीबद्दल सांगायला हवे. व्हीजेचा आवाज जितका खरखरीत, तितका तो मुरलेला मानतात. गुळगुळीत आवाजाच्या व्हीजेला प्रेक्षक म्हणतात, "आधी चार पावसाळे ओरड, मग ये." त्यामुळे कायिवाचा आवाज घोगरा झाला तेव्हा गावाने त्याचे कौतुक केले. "आता पिकला बघ तुझा आवाज!" असे म्हणत लोक त्याची पाठ थोपटत. शेजारच्या गावांतून माणसे तो आवाज ऐकायला येऊ लागली. सेकिटोने दारावर नवी पाटी रंगवून घेतली.

मी मात्र त्या आवाजाच्या अगदी तोंडाशी होतो. खरखरीच्या खाली आणखी काहीतरी आहे, हे मला सर्वांआधी जाणवले. प्रत्येक वाक्याच्या शेवटी श्वास कुठेतरी अडे, आणि मग शब्द त्या अडथळ्याला घासून बाहेर येई. पण माझ्या अंगी फक्त थरथरण्याचे बळ होते. मी तेच घासणे मोठे करून कर्ण्यातून सोडत राहिलो, आणि लोक टाळ्या वाजवत राहिले.

एक दिवस खेळ संपल्यावर नालोंगो स्टुलावरच बसून राहिली.

"कायिवा, तुझ्या आवाजाखाली कुणीतरी दार ओढतंय," ती म्हणाली. "ते बंद व्हायच्या आत दवाखान्यात जाऊन ये."

"नालोंगो, लोक याच आवाजासाठी येतात. हा बरा झाला तर मला विचारणार कोण?"

"मी विचारीन."

"तू तर शेंगदाणे विकतेस," तो हसून म्हणाला, आणि हसता हसता त्याला जो खोकला लागला तो थांबेना.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो चित्रपट लागला. बर्फाळ देशातली गोष्ट होती. मुलाला लढाईवर धरून नेले आहे. म्हातारी आई रोज चुलीवर दोघांचे जेवण ठेवते आणि दार उघडे टाकून बसते. मुलगा लढाईतून निसटतो, डोंगर ओलांडतो, गोठलेल्या तळ्यावरून चालत येतो. कायिवा त्या दिवशी कमी विनोद करत होता. त्याची मान सारखी डावीकडे वळत होती.

"कासोझी गावाच्या वेशीशी आलाय. बुटातून बोटं बाहेर. समोर त्याचं घर. धुराड्यातून धूर..."

आणि आवाज गेला. विझला म्हणावे तसा गेला. त्याने पुन्हा तोंड उघडले. माझ्यावर नुसती हवा आली, आणि तिच्याबरोबर काहीतरी गरम आणि ओले. कायिवाने तोंडावर हात धरला, मी सुटलो, सिमेंटच्या जमिनीवर उजव्या बाजूने आपटलो. तेव्हाची ही चेप.

चित्रपट आपल्या परक्या भाषेत पुढे चालू राहिला. टीव्ही बंद करण्याचे कुणाला सुचले नाही. लोकांनी कायिवाला उचलले. काहींनी जाता जाता, काहींनी दारातून वळून पडद्यावरचा शेवट पाहिला. कर्ण्याशेजारच्या स्टुलावरून एकच प्रश्न येत होता.

"पोचला का रे? कुणीतरी सांगा. पोचला का?"

कायिवाला कंपालाच्या मोठ्या इस्पितळात नेले. फार उशीर झाला होता असे म्हणतात. जीव वाचवायचा तर गळ्यातले आवाजाचे यंत्रच काढून टाकावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि तसे केले.

सेकिटोला खेळ चालू ठेवणे भाग होते. त्याने शहरातून तयार तबकड्या आणल्या. त्यांत शहरातल्या व्हीजेचे बोलणे आधीच भरलेले असे. मला टेबलाच्या खणात ठेवले गेले. खण नीट बंद होत नसल्याने मला सगळे ऐकू येई. तो शहरी व्हीजे चलाख होता, विनोद चटपटीत होते. "बघा, बघा, आता काय करतो बघा!" असे तो म्हणे आणि स्वतःच फिदीफिदी हसे. सगळे चित्रगृह हसे. मग एका क्षणाने, उशिरा, नालोंगो हसे. पुढे पुढे तिने ते उशिराचे हसणेही सोडले, आणि खेळ सुरू झाल्यावरही ती दाराशी टोपलीजवळच बसून राहू लागली.

पण तो शेवट तिच्या मनातून जाईना. शेंगदाणे घेणाऱ्या प्रत्येकाला ती विचारी. कुणी म्हणे, "पोचला असेल की." कुणी म्हणे, "आठवत नाही गं." सेकिटो म्हणाला, "अगं, सिनेमा तो. एवढं काय?" लोक बोलताना अडखळतात हे तिच्या कानांनी टिपले होते. "कायिवा आला की त्यालाच विचारीन," ती म्हणे. तिच्या पायांना सूज येऊ लागली होती, चार पावले टाकली की धाप लागत होती, आणि वास्स्वा तिला रोज मोटारसायकलवर बसवून आणू-नेऊ लागला होता. आता त्याला सोबत्यांचा संकोच वाटत नव्हता, की वाटून घ्यायला सवड नव्हती, कोण जाणे.

कायिवा परत आला. गळ्याला पातळ फडके बांधलेले, अंग निम्मे झालेले. दुपारच्या खेळाआधी तो रिकाम्या चित्रगृहात आला आणि खण उघडून त्याने मला बाहेर काढले. सवयीने तोंडाशी धरले. ओठ हलले. माझ्या जाळीवर काहीच पडले नाही. त्याचा श्वास आता गळ्याच्या फडक्याखालून येत होता आणि माझ्या नळीवर, त्याच्याच बोटांवर पडत होता.

नालोंगो दारातून चाचपत आत आली. तिने तो श्वास ऐकला.

"हा तू का?" ती म्हणाली. पण तिने विचारायचे ठरवलेले विचारले नाही. त्याच्या हाताला हात लावून, माझी गार नळी चाचपून, ती स्टुलावर बसली. कायिवा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हे सारे दारात उभ्या असलेल्या वास्स्वाने पाहिले.

दुसऱ्या दिवशी तो सेकिटोकडे गेला. "तो बर्फाचा सिनेमा लावा."

"ती ओरखडे पडलेली तबकडी? लोक मला मारतील."

"मारू देत. लावा. आणि आवाज बारीक करा."

दुपारी माझी तार कायिवाने स्वतः जोडली. बोटाने दोनदा टकटक केले, कर्णा गुरगुरला. मग त्याने मला वास्स्वाच्या हातात दिले, त्याचे कोपर वर उचलले, आणि ओठांपासून एक मूठ अंतर ठेवून दाखवले.

"एक माणूस आहे," वास्स्वा म्हणाला. "तो... चालतोय. अजून चालतोय."

शेवटच्या बाकावरून त्याचाच एक सोबती ओरडला, "व्हीजे, आम्हाला डोळे आहेत!"

"तुला आहेत ना?" वास्स्वा म्हणाला. "मग गप्प बस."

कुणीतरी वळून कर्ण्याशेजारच्या स्टुलाकडे पाहिले असावे, कारण बाके करकरली, आणि मग करकरायचीही थांबली.

वास्स्वाचे बोलणे कच्चे होते. त्याला रंग सुचत नव्हते. "सदरा कसला रे?" नालोंगो विचारी, आणि तो म्हणे, "सदरा... सदऱ्यासारखा." पण हळूहळू तो पाहायला शिकला. कासोझी गोठलेल्या तळ्यापाशी आला तेव्हा वास्स्वा म्हणाला, "बर्फ पडतोय, आई. पीठ चाळल्यासारखा." त्याच्या सोबत्यांसमोर, कर्ण्यातून, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा तो आई म्हणाला.

कासोझी वेशीशी आला. बुटातून बोटे बाहेर. धुराड्यातून धूर. इथपर्यंत नालोंगोला ठाऊक होते. ती पुढे झुकली.

मुलाने दार ढकलले. आत शेजारणी उभ्या होत्या. खाटेवर आई होती, आणि तिच्या तोंडावरून पांढरी चादर ओढलेली होती.

नालोंगो सोडून चित्रगृहातल्या प्रत्येकाला हा शेवट माहीत होता. जो शब्द वास्स्वाच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता तो त्याच्या जिभेवर येईना, आणि दुसरा शब्द सापडेना. त्याने कायिवाकडे पाहिले. कायिवाने काही खूण केली नाही. त्याने फक्त मान डावीकडे वळवली.

वास्स्वाने तसेच केले. त्याचा श्वास माझ्या जाळीच्या काळ्या बाजूवर पडला.

"ती उठून बसलीय," तो म्हणाला. "केळी सोलतेय. मटोके शिजवायला. दोघांचं."

टीव्हीतून बारीक रडणे ऐकू येत होते.

"मग रडतंय कोण?"

"शेजारणी. त्यांना आनंद झालाय."

"तिनं घातलंय काय?"

"गोमेसी. निळी. खांदे उंच, टोकदार."

नालोंगोने हात आपल्या खांद्यावर नेला. मग म्हणाली, "त्या देशात? एवढ्या थंडीत गोमेसी?"

कुठेतरी एक हसू उमटू लागले आणि तिथेच विरले.

"हो, आई."

"कमरेचा पट्टा नीट बांधलाय?"

"बांधलाय."

"मग झालं," ती म्हणाली. "पोचला."

आम्हाला डोळे आहेत, असे त्या वेळी कुणीही म्हणाले नाही.

नालोंगो त्यानंतर फार दिवस राहिली नाही. तिला घरामागच्या केळीच्या बागेत ठेवायचे होते. माणसे पुष्कळ आली. चार शब्द बोलायला माइक लागतो, म्हणून कायिवा मला घेऊन गेला. वडीलधारे बोलले, शेजारी बोलले. मग मला वास्स्वाकडे दिले. त्याने मला ओठांपासून एक मूठ अंतरावर धरले, आणि लोकांकडे पाठ करून रिवाजाप्रमाणे झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेल्या आपल्या आईकडे वळला.

"आई," तो म्हणाला, "खूप लोक आलेत. केळींखाली बसलेत, काही उभे आहेत. सेकिटोनं टोपी काढलीय. त्याला टक्कल पडलंय, तुला कधी सांगितलं नव्हतं. कायिवा इथंच आहे. गळ्याला हिरवं फडकं आहे. आभाळ जरा भरलंय, पण पाऊस नाही. माती लाल आहे, आई. ओली आणि लाल."

तो शब्द त्याने त्या दिवशीही उच्चारला नाही. तो फक्त दाखवत गेला, आणि माझा पडदा त्याच्या श्वासाने थरथरत राहिला. माझ्यातून गेलेला शेवटचा आवाज तो. परतताना माझी तार कुणाच्या तरी पायात अडकून तुटली. ती जोडण्याची गरज नंतर कुणाला पडली नाही.

चित्रगृहाच्या जागी हे चार्जिंगचे दुकान झाले. लोक आपापल्या फोनमध्ये, आपापल्या कानांत तारा घालून चित्रपट पाहतात. त्यात वाईट काही नाही. मला दुरुस्त करावे एवढी माझी योग्यता राहिलेली नाही, आणि तसे मागणेही नाही. पण मित्रांनो, तुमच्याजवळ कुणी बसले असेल, आणि तुम्हाला दिसते ते त्याला दिसत नसेल, तर सांगत जा. रंगासकट सांगा. आणि जो तुम्हाला रोज काही सांगतो, त्याच्या आवाजात खरखर आली, तर त्याची पाठ थोपटण्याआधी त्याला दवाखान्यात न्या.

कायिवा अधूनमधून फोन चार्ज करायला येतो. फोन चार्ज होईपर्यंत तो खोक्यात हात घालतो आणि मला शोधून काढतो. माझ्यावर धूळ बसलेली असते. फुंकर घालणे आता त्याला जमत नाही. तो अंगठ्याने जाळी पुसतो, आधी डावी बाजू.